उंबरठा ते उंबरठा

केर कधी काढायचा हे विमानांच्या वेळांवरून ठरायचं, अशा घरात मी साडेचार वर्षं राहिले. आता हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे. अगदी पहिल्या दिवसापासून, आणि तोंडावर हसायचे.

घर गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गॅलरी, आणि पायाखाली जुन्या नक्षीच्या लाद्या, हिरव्या आणि विटकरी. मी मूळची पेणची. परळला, पूर्वी गिरणी होती त्या जागेवरच्या एका टॉवरमध्ये, कंपन्यांच्या साहेबलोकांची विमानाची तिकिटं काढून देणारं ऑफिस होतं, तिथे मला नोकरी लागली होती आणि राहायला जागा हवी होती. घरमालकीण साठी उलटलेली, एकटी, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली. "तुम्हाला काय म्हणू?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मावशी म्हण. काकू म्हटलंस की लोक काकांची चौकशी करतात."

मावशींनी मला घराचे नियम सांगितले ते दोनच. मोरीजवळच्या फळीवर एक जुना चष्मा आहे, जाड काळ्या फ्रेमचा, त्याला हात लावायचा नाही, हा पहिला. आणि या उंबरठ्यावरून कुणी प्रवासाला गेलं, की ते माणूस पोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही, हा दुसरा.

चष्म्याचं मी काही विचारलं नाही. केराचं ऐकून मात्र म्हटलं, "ते तर आमच्याकडेही असतं."

असतंच की! माणूस बाहेर पडलं की पाठोपाठ केर काढू नये, हे कुठल्या घरात माहीत नाही? पण आमच्या पेणच्या घरात त्याला काही मर्यादा होती. मी मुंबईला निघाले की आई तासभर थांबायची, गाडी पनवेलच्या पुढे गेली असेल असं स्वतःशीच ठरवायची आणि केरसुणी उचलायची. मावशींकडे असलं अंदाजपंचे चालायचं नाही. आणि त्यांच्या उंबरठ्यावरून जाणाऱ्यांना पनवेल लागतच नव्हतं. ते जायचे सिंगापूरला, शिकागोला, मेलबर्नला.

त्याचं असं की मावशींच्या हातचं दही प्रसिद्ध होतं. इमारतीतलं कुणीही लांबच्या प्रवासाला निघालं की बॅगा जिन्यात ठेवून आधी आमच्या दारात यायचं. उजवा तळहात पुढे करायचा, मावशी त्यावर चमचाभर दही घालायच्या, ते चाटून "येतो हां मावशी" म्हणायचं आणि जायचं. मावशींच्या दह्यानं विमान चुकत नाही, व्हिसावाला त्रास देत नाही, अशी काहीतरी समजूत पसरली होती. झालं! तो जायचा सिंगापूरला आणि केर आमच्या घरात.

मला सकाळी केस विंचरून झाल्यावर खाली पडलेले केस अजिबात सहन होत नाहीत. एकदा असाच तिसऱ्या मजल्यावरचा एकजण गेल्यावर मी वैतागून म्हटलं, "मावशी, सिंगापूरची फ्लाइट साडेपाच तासांची आहे. मी रोज तिकिटं काढते. पोचला असेल तो केव्हाच."

"साडेपाच? कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरने."

"कॉम्प्युटर कधी गेला होता सिंगापूरला?" असं म्हणून त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. "इथून विमानतळ सव्वा तास. तिथे तीन तास आधी. मग तुझे साडेपाच. उतरल्यावर शिक्क्यांची रांग, बॅगेचा पट्टा, टॅक्सी, लिफ्ट, मग कुलूप. नवीन घराची किल्ली पहिल्यांदा लागत नाही. बारा धर. उंबरठा ते उंबरठा बारा."

"किल्लीचे किती धरलेत?"

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. थट्टा नव्हती करत, खरंच पाच मिनिटं धरली होती.

उंबरठा ते उंबरठा हा त्यांचा खास शब्द. विमानतळ ते विमानतळ किती, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "विमान साडेपाच तास उडतं ग, पण माणूस बारा तास जातो," असं त्या म्हणायच्या. ऑफिसात एखादा साहेब "फक्त नऊ तासांची तर फ्लाइट आहे" असं म्हणाला की माझ्या तोंडावर यायचं, अहो, किल्लीचं काय?

हा नियम मलाही लागू होता. एका शनिवारी मी पेणला गेले आणि फोन करायचा साफ विसरले. रविवारी संध्याकाळी परत आले तर घरात पाय ठेवायला नको असं झालेलं, आणि मावशी पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या.

"पोचलीस का?"

"मावशी, मी परत आले!"

"ते दिसतंय. पोचल्याचं कळलं नाही." आणि मी समोर उभी असताना, चप्पलसुद्धा काढली नव्हती, माझ्याकडून "पोचले" असं वदवून घेतलं, तेव्हा कुठे केरसुणी कोपऱ्यातून बाहेर आली. मी त्या दिवशी इतकी चिडले होते की रात्री जेवताना बोलले नाही. त्यांनी शांतपणे ताटात दुसरी पोळी वाढली.

हे वेड आलं कुठून, हे मला हळूहळू कळत गेलं, आणि पहिली दोन वर्षं तर अर्धंच कळलं. मावशी एक्स्चेंजमध्ये परदेशचे कॉल जोडायच्या. तेव्हा परदेशी बोलायचं तर कॉल नोंदवून तासन् तास वाट बघावी लागे, आणि मग एक्स्चेंजमधली बाई लाइन जोडून देई. ती बाई म्हणजे मावशी. अजूनही साध्या फोनवर त्यांचा आवाज बदलायचा. गॅसवाल्याला "लाइनवर राहा हं" असं म्हणायच्या, आणि तो बिचारा राहायचा.

"सगळ्यांत जास्त कॉल कसले असत, सांग?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "पोचल्याचे. तीन मिनिटं मिळायची लोकांना. त्यात बोलायचे काय, तर पोचलास? पोचलो. नीट पोचलास ना? नीट पोचलो. आई, हा पोचला ग! संपली तीन मिनिटं."

संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसायचो. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागायचा, कुणाच्या तरी घरी लसणाची फोडणी पडायची, आणि वर फिकट आभाळातून एखादं विमान अगदी सावकाश जात असायचं. मावशी डोळे मिटून गावं ऐकायच्या. खरंच ऐकायच्या. प्रत्येक गावाचा लाइनवर निराळा आवाज असतो, असं त्यांचं म्हणणं. नैरोबीला लाह्या फुटल्यासारखं व्हायचं. एडनचा माणूस विहिरीतून बोलायचा. लंडनला आपलं बोलणं पोचायला श्वासभर वेळ लागे, तेवढ्यात दोन्हीकडची माणसं एकदम बोलायला लागत आणि एकदम गप्प होत. "अंतर कानाला कळतं," त्या म्हणायच्या. आणि व्हँकूवर? "व्हँकूवरला काहीच नसायचं. नुसती शांतता. लोकांचं बोलून झालं तरी मी जरा वेळ लाइन धरून ठेवायची. नियमात बसत नव्हतं ते."

व्हँकूवरलाच का, असं मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. त्या बोलायला लागल्या की मधे बोलायची इच्छाच व्हायची नाही. मी पेण-मुंबईच्या पुढे फारशी न गेलेली मुलगी, पण त्या गॅलरीत बसून कुठे कुठे जाऊन आले.

आमचा एक खेळही होता. मी ऑफिसातून येताना दोन लांबची शहरं डोक्यात ठेवून यायचे आणि चप्पल काढता काढता विचारायचे, "मावशी, मुंबई–ऑकलंड?"

"सव्वाबारा हजार किलोमीटर. सरळ विमान नाही, एक थांबा. हवेत सतरा तास. उंबरठा ते उंबरठा सत्तावीस."

"मुंबई–न्यूयॉर्क?"

"साडेबारा हजार. हवेत सोळा. बावीस धर, तेवीस धर. तिकडचे शिक्केवाले फार विचारतात."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या स्क्रीनवर ताडून बघायचे. पन्नास-शंभर किलोमीटर इकडेतिकडे, बाकी बरोबर. स्वतः मात्र या बाई जन्मात विमानात बसल्या नव्हत्या. एकदा मी सहज विचारलं, "मुंबई–व्हँकूवर?"

"तेही सव्वाबारा हजारच."

"तास?"

त्या उठल्या आणि देवापाशी दिवा लावायला गेल्या. "तास नाही माहीत," आतून म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी माहीत नव्हतं.

माझ्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ पहाटे दुबईला निघाले. दही, येतो मावशी, सगळं झालं. त्याच दुपारी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी पहिल्यांदाच घरी येणार होत्या, आणि घरभर शेंगदाण्यांची सालं. मावशी भाजीला गेल्या होत्या. दुबई म्हणजे तीन तास, कळतंय कुणाला? मी फटाफट केर काढला. काढल्यावर मात्र धाबं दणाणलं. मग मी काय केलं असेल? सुपलीतला अर्धा केर परत घेतला आणि मूठ मूठ घरात पसरला. चोवीस-पंचवीस वर्षांची घोडी मी!

मावशी आल्या, पिशवी ठेवली, खाली बघितलं.

"केर काढलास."

"नाही हो!"

"हा टाकलेला केर आहे. आपोआप पडलेला केर कडेला जातो, असा खोलीच्या मधोमध बसत नाही."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पलंगावर बसल्या आणि कितीतरी वेळ त्या फळीवरच्या चष्म्याकडे बघत राहिल्या.

"मला एक धाकटी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "व्हँकूवरला. तीस वर्षं झाली इथून गेली त्याला. लग्न ठरून गेली. सकाळची वेळ होती. आई आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली. मला दुपारची ड्यूटी. हिच्या हातावर दही घातलं, ही येते म्हणाली आणि जिना उतरली. तेव्हा लंडनवरून जावं लागे. मी सगळा हिशेब केला होता, उंबरठा ते उंबरठा बत्तीस तास. मनात म्हटलं, बत्तीस तास काय घर तसंच ठेवायचं? हे नियम बैलगाडीच्या वेळचे. आणि घेतली केरसुणी. अर्धी खोली झाली असेल, वर बघितलं तर ही दारात."

"परत आल्या?"

"चष्मा विसरली होती. तोंड धुताना काढून तिथे फळीवर ठेवला, तो तसाच. चष्म्याशिवाय तिला हातभरापलीकडचं धड दिसायचं नाही. माझा चेहरासुद्धा दिसला नसेल. वाकलेली मी आणि हातातली केरसुणी, एवढं मात्र दिसलं. काही बोलली नाही. वळली आणि गेली. चष्मा न घेता गेली."

"आणि तुम्ही?"

"गॅलरीत गेले. टॅक्सी खाली उभी होती. टॅक्सीवाला टपावर बॅग बांधत होता, चांगली पाच मिनिटं बांधत होता. चष्मा माझ्या हातात होता. एक हाक मारायची होती फक्त."

माझा स्वभाव असा की मला राग आधी येतो. "मग मारायची ना! का नाही मारलीत?"

"घाई होती ग. ड्यूटी होती." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "खोटं. राग होता. ती चालली होती आणि मी इथे आईपाशी राहणार होते, जन्मभर. तिने एका शब्दानं विचारलं नव्हतं, ताई, तुझं काय. घरातून प्रेत उचललं की पाठोपाठ केर काढतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. केरसुणी हातात घेतली तेव्हा माहीत होतं."

पुढे आईच्या नावानं पत्र आलं, आई, मी पोचले. "आईला पोचली ती," मावशी म्हणाल्या. "मला नाही." एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षं त्यांनी लोकांना व्हँकूवर जोडून दिलं, आणि आई गेल्याचं कळवायला एकदा स्वतःसाठी जोडलं, तर तिच्या नवऱ्यानं फोन घेतला आणि निरोप देतो म्हणाला. तेवढंच.

  मी उठले, सुपलीत उरलेला केर आणला आणि तोही जमिनीवर ओतला.

"आता काय उपयोग?" मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "त्याचा फोन मघाशीच आला. जिन्यात होते मी तेव्हा. काढ सगळा, तुझ्या मैत्रिणी येतील." आणि दोघींनाही जे हसू फुटलं, ते मैत्रिणी आल्या तरी थांबेना.

त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही, असं म्हणणार नाही. कुरकुर करत होतेच. पण केर ठेवत होते.

दोन वर्षांनी मावशींचे गुडघे पार गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. मावशी म्हणाल्या, आधी व्हँकूवर. कुणाकुणाकडून बहिणीचा नंबर मिळवला आणि मेसेज केला, मी तुझ्याकडे यायचं म्हणते. चौथ्या दिवशी उत्तर आलं, "तारीख कळव."

या दोन शब्दांवर मावशींनी आठवडा काढला. भाजी निवडता निवडता थांबायच्या. "यात ये आहे का ग?"

"मावशी, तारीख कळव म्हणजे येच."

"ये असतं तर ये लिहिलं असतं. एका अक्षराचं तर काम होतं."

तिकीट अर्थात मी काढायचं होतं. मी सगळी विद्या पणाला लावून दिल्लीवरून जाणारं, एकाच थांब्याचं, चोवीस तासांत नेऊन सोडणारं तिकीट शोधलं. व्हीलचेअर, खिडकीजवळची सीट, सगळं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लंडनवरून काढ."

"अहो, दहा तास जास्त लागतात! तुमचे गुडघे बघा जरा!"

"ती लंडनवरून गेली होती."

आणि एवढ्यानं भागलं नाही. सगळ्या प्रवासात स्वतःचा चष्मा काढून बसणार म्हणे. तिला तेवढा वेळ कसं दिसलं असेल ते बघायचं होतं. मी कपाळावर हात मारला. "पडाल कुठेतरी आणि परक्या देशात हाडं मोडून घ्याल!" म्हणून बरीच बोलले. शेवटी तह झाला तो असा, की चालताना चष्मा घालायचा, बसल्यावर काढायचा.

निघाल्या त्या रविवारी, दिवेलागणीला. दिवाळी आठ दिवसांवर आलेली. आम्ही दोघींनी मिळून बोटं मोजली, उंबरठा ते उंबरठा पस्तीस तास, म्हणजे मंगळवारी सकाळी सहाला फोन. फळीवरचा काळ्या फ्रेमचा चष्मा त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मी त्यांच्या तळहातावर दही घातलं. इतक्या जणांना त्या हातानं दही दिलं होतं, पण तो हात पुढे आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. 

"येते," त्या म्हणाल्या. "फोन आल्याशिवाय..."

"माहीत आहे मावशी."

टॅक्सीवाला बॅग घेऊन पुढे गेला. जिन्याच्या वळणावर मावशी थांबल्या आणि मागे वळून वर बघितलं. मी दोन्ही हात उंच करून दाखवले. रिकामे. मग त्या खाली उतरल्या.

सोमवार सरला. मंगळवारी पाच वाजताच उठून मी फोन समोर ठेवून बसले. सहा वाजले. किल्लीची पाच मिनिटंही धरली. सात वाजले, आठ वाजले. मावशींचा फोन बंद, बहिणीचा नंबर त्यांनी मला दिलाच नव्हता. पोचल्याचा फोन तिकडून यायचा असतो, आपण करायचा नसतो, हेच त्यांचं ठाम मत. ऑफिसात जाऊन बघितलं तर विमान पहाटेच व्यवस्थित उतरलेलं. मग माणूस कुठे गेलं? माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. चष्मा काढून बसल्या, तशाच उठल्या आणि पडल्या. नाहीतर बहीण विमानतळावर आलीच नाही. नाहीतर आली, आणि दारातून आत घेतलं नाही.

इकडे इमारतीत दिवाळीची साफसफाई ऐन रंगात. गॅलरीत गाद्या झोडपतायत, जळमटं काढतायत, आणि ती सगळी धूळ वाऱ्यानं आमच्या दारातून आत. बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग लागली. शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नाकाला पदर लावला.

"अगं बाई, काय हे! विमान पोचलं म्हणालीस ना काल?"

"विमान पोचलं. मावशींचा फोन नाही आला."

"मग काढ की केर. सणासुदीचं घर आहे. त्यांना काय तिथे बसून दिसणार आहे?"

वहिनी गेल्या. मी केरसुणी उचलली. खरं तेच सांगते, उचलली. मला भयंकर राग आला होता. मावशींचा, त्या न बघितलेल्या बहिणीचा, मुंग्यांचा. दारापाशी वाकले आणि समोर जिना दिसला, वरची शेवटची पायरी. तिथे कुणी नव्हतं. पण हातच चालेना. मी केरसुणी जागेवर ठेवली, मुंग्यांभोवती हळदीची रेघ ओढली आणि चहा टाकला.

साडेनऊला फोन वाजला. परदेशचा नंबर, व्हिडिओ कॉल. घेतला तर एक अनोळखी बाई. आखूड पांढरे केस, डोळ्यांवर चष्मा. आणि हातात आणखी एक चष्मा, जाड काळ्या फ्रेमचा. तो मी ओळखला.

"तिच्याकडे राहणाऱ्या त्या तुम्हीच का?" आवाज थेट मावशींचा, पण कोरडा.

"हो. मावशी कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. ही काय, बसलीय माझ्यासमोर. काल आल्यापासून एकच धोशा लावलाय. म्हणे तू गेलीस त्या दिवसापासून त्या घरात माणूस पोचल्याशिवाय केर काढलेला नाही. मी म्हटलं, कशाला थापा मारतेस? तर म्हणाली, आज फोन करू नकोस, उद्या कर, आणि स्वतःच विचार."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मुद्दाम? मावशी! अहो, इथे माझा जीव टांगणीला लागलाय दोन दिवस!"

पलीकडून मावशींचा खोकला ऐकू आला. 

"केर काढलात का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"दाखवा."

मी कॅमेरा खाली फिरवला. स्वयंपाकघरातून निघाले. कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याचं साल, हळदीची रेघ आणि तिच्या आत फिरणाऱ्या मुंग्या. मग खोलीत आले. माझे केस, चिवड्यातले चुरमुरे, कसला तरी दोरा, शेजारच्यांच्या गादीतला कापूस. जन्मात मला कधी कचऱ्याचा अभिमान वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला.

"हळू," बाई म्हणाल्या. "खिडकीखाली एक हिरवी लादी फुटलेली होती."

"आहे अजून." दाखवली.

"फळी दाखवा. मोरीजवळची."

फळी दाखवली. तिच्यावर धूळ होती आणि मधे चष्म्याएवढी जागा तेवढी स्वच्छ होती.  मी चालत चालत दारापाशी गेले आणि उंबरठ्यावर फोन धरला. उंबरठ्याच्या आतही केर होता, बाहेरही होता.

"इथेच उभी होते मी," बाई म्हणाल्या. आवाजातला कोरडेपणा गेला होता. मग फोन कलला, पडद्यावर नुसतं छत आलं, आणि ऐकू आलं ते माझ्यासाठी नव्हतं.

"ताई," त्या म्हणाल्या. "ताई, मी पोचले ग."

 पलीकडे फक्त शांतता होती. मीही लाइन धरून ठेवली. मग मावशी आल्या. नाक ओढत, पण आवाज एक्स्चेंजमधला, ठणठणीत.

"काढ ग आता केर."

मी फोन फळीवर, चष्म्याच्या रिकाम्या जागी, टेकवून ठेवला म्हणजे दोघींना दिसेल, आणि केरसुणी घेतली.